एका दाढेचं इम्प्लांट: आधी कॅपचा विचार, मग स्क्रूचा

दाढ काढून दोन-तीन वर्षं होऊन गेलेली असतात. एकाच बाजूने चावायची सवय लागते. खालची दाढ काढली असेल तर वरची दाढ हळूहळू त्या रिकाम्या जागेत उतरते आणि मागची दाढ पुढे कलते. मग एखाद्या लग्नात शेजारी बसलेले काका स्वतःचं इम्प्लांट दाखवतात आणि आपणही डॉक्टरांची वेळ घेतो. तिथे गेल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘कोणत्या कंपनीचा स्क्रू टाकणार?’ प्रश्न चुकीचा नाही, फक्त त्याचा नंबर पाचवा-सहावा आहे. पहिला प्रश्न असा हवा: कॅप नेमकी कुठे यायला हवी, आणि त्या जागेखाली हाड किती आहे? इम्प्लांटचा सगळा हिशोब कॅपपासून स्क्रूकडे, म्हणजे उलटा करायचा असतो. हाड जिथे मिळालं तिथे स्क्रू घुसवून नंतर त्यावर कॅप जमवत बसलं, की ती तिरकी होते, खाली अन्न अडकतं आणि पाच वर्षांत हिरडी कुरकुरायला लागते.

हे मार्गदर्शन इंदूरच्या वाचकांसाठी आहे. त्यामुळे पोहे, सेव, गराडू आणि पुण्याला असलेला मुलगा हे चौघंही पुढे येतील.

तोंडात नक्की काय बसतं

वस्तू तीन. हाडात जाणारा टायटॅनियमचा स्क्रू, म्हणजे खरं इम्प्लांट. त्यावर बसणारा जोडभाग, अबटमेंट. आणि सगळ्यांत वर कॅप. अबटमेंट एका बारीक आतल्या स्क्रूने मुख्य स्क्रूवर आवळलेलं असतं. पुढे कधी ‘दात हलतोय’ असं वाटलं तर बऱ्याचदा दोषी हा बारीक स्क्रूच असतो. हाडातला स्क्रू जागच्या जागी असतो. ही गोष्ट आधीच माहीत असली तर घाबरगुंडी उडत नाही.

हाडातल्या स्क्रूची जाडी साधारण ३.३ ते ५ मिलिमीटर आणि लांबी ८ ते १३ मिलिमीटर असते. धातू टायटॅनियम असण्याचं कारण एकच: हाड त्याला परकं मानत नाही, थेट चिकटतं. स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांच्या हे लक्षात आलं ते १९५०च्या दशकात, सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण बाहेर निघेना तेव्हा. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले.

नैसर्गिक दात हाडाला असा चिकटलेला नसतो. दात आणि हाड यांच्यामध्ये धाग्यांचा एक पातळ पडदा असतो; तो गादीसारखा दबतो आणि दाब जास्त झाला की मेंदूला कळवतो. वरण-भातात खडा आला की तोंड आपोआप उघडतं, ते या पडद्यामुळे. इम्प्लांटला हा पडदा नाही. म्हणून त्याला जास्तीचा भार लवकर कळत नाही आणि तारा लावून ते सरकवताही येत नाही. दात सरळ करून घ्यायचे असतील तर ते काम बहुधा आधी उरकावं लागतं.

कुणी लगेच करावं, कुणी थांबावं

वयाला वरची मर्यादा नाही. पंचाहत्तरीतल्या, तब्येत ताब्यात असलेल्या आजींना इम्प्लांट उत्तम चालतं. खालची मर्यादा मात्र पक्की आहे: जबड्याची वाढ थांबलेली हवी. मुलींत साधारण १८ आणि मुलांत २०-२१ वर्षांच्या आधी स्क्रू बसवला, तर शेजारचे दात वाढीबरोबर पुढे-खाली येतात आणि इम्प्लांट जागीच राहतं. काही वर्षांनी तो दात इतरांपेक्षा आखूड दिसतो. सायकलवरून पडून पटाशीचा दात गमावलेल्या पंधरा वर्षांच्या मुलासाठी तोवर काढता-घालता येणारा दात किंवा चिकटवलेला ब्रिजच बरा.

मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीएवनसी, ७ च्या आसपास हवी. ८ च्या वर असेल तर आधी साखर आणि मग स्क्रू, हाच क्रम. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांचं लेखी मत घ्या. अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी बहुधा बंद करावीही लागत नाही, कारण हिरडीतलं रक्त बोळा दाबून थांबवता येतं, हृदयातल्या गुठळीचं तसं नसतं. हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेला असेल तर निदान सहा महिने जाऊ द्या.

एक औषध लोक सांगायला विसरतात: हाडं ठिसूळ झाल्यावर दिलं जाणारं. अ‍ॅलेन्ड्रोनेटची आठवड्याला एक गोळी, झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं वर्षातून एकदाचं सलाइन, डेनोसुमॅबचं दर सहा महिन्यांनी एक इंजेक्शन. रोजची गोळी नसल्यामुळे ‘काही औषध चालू आहे का?’ याला उत्तर ‘नाही’ असं येतं. या औषधांनी जबड्याचं हाड भरून येण्याची क्रिया मंदावते, आणि क्वचित जखमेतलं हाड उघडं पडून मरतं. कर्करोगासाठी हीच औषधं मोठ्या मात्रेत घेतलेली असतील तर धोका बराच जास्त. सासूबाईंना वर्षापूर्वी ‘हाडांचं सलाइन’ लावलं होतं, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.

आणि तंबाखू. आपल्या भागात सिगरेटइतकाच गुटखा आणि सुपारीचा प्रश्न आहे. सिगरेटने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि इम्प्लांट निकामी होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते. सुपारीचा त्रास वेगळा: गाल आतून ताठ होतात आणि तोंड उघडेनासं होतं. घरच्या घरी करायची चाचणी म्हणजे आपलीच तीन बोटं उभी एकावर एक धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का ते बघा. दोनच जात असतील तर मागच्या दाढेच्या जागी ड्रिल उभं धरायलाच जागा मिळत नाही, मग हाड कितीही चांगलं असो. त्याचा इलाज आधी.

हिरड्यांतून रक्त येत असेल, दात हलत असतील, तर तो आजार आधी बरा करावा लागतो. ज्या जंतूंनी दात घालवला तेच जंतू स्क्रूभोवती राहायला येतात.

मोजमाप: इथे घाई करणारा डॉक्टर टाळा

ओपीजी हा सगळ्या जबड्याचा सपाट एक्स-रे. तो पहिल्या नजरेला ठीक, पण त्यात आकार मोठा दिसतो, तोही सगळीकडे सारखा नाही, आणि हाडाची रुंदी तर त्यात दिसतच नाही. पापड समोरून पाहून त्याची जाडी सांगण्यासारखं ते आहे. रुंदीसाठी सीबीसीटी हवा, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन. एका दाताच्या जागेपुरता छोटा स्कॅन काढता येतो. पूर्ण चेहऱ्याचा काढायची गरज नसते.

स्कॅनवर डॉक्टर काय मोजतात ते समजून घ्या आणि मोजून दाखवा म्हणा. शेजारच्या दाताच्या मुळापासून स्क्रू दीड मिलिमीटर लांब हवा. दोन स्क्रू शेजारी असतील तर त्यांच्यात ३ मिलिमीटर. म्हणजे ४ मिलिमीटरच्या एका स्क्रूला दोन दातांमध्ये किमान ७ मिलिमीटर जागा लागते. हाडाची रुंदीही ६-७ मिलिमीटर असावी, म्हणजे स्क्रूच्या गालाकडच्या आणि जिभेकडच्या बाजूला हाडाची भिंत उरते. खालच्या जबड्यात एक नस बोगद्यातून जाते, ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी. तिच्यावर किमान २ मिलिमीटर मोकळे सोडायचे. वर मागच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते.

सगळ्यांत जास्त विसरली जाणारी जागा मात्र उभी असते. हिरडीपासून समोरच्या दातापर्यंत अंतर किती? चिकटवलेल्या कॅपसाठी साधारण ७-८ मिलिमीटर लागतात. वरची दाढ उतरून आली असेल तर हे अंतर चारवर आलेलं असतं. तेव्हा वरची दाढ थोडी घासावी लागते, कधी तिला रूट कॅनाल करून कॅप घालावी लागते, कधी तारेने वर ढकलावी लागते. हे आधी कळलं तर खर्चात धरता येतं. स्क्रू बसल्यावर कळलं तर भांडण होतं.

चांगलं नियोजन असं असतं: दातांचं माप घेऊन किंवा कॅमेऱ्याने स्कॅन करून भावी कॅप आधी मेणात किंवा संगणकावर बनवतात, ती सीबीसीटीवर ठेवतात आणि मग तिच्या मधोमध खाली स्क्रू आखतात. त्यावरून प्लास्टिकची एक साचेवजा पट्टी, सर्जिकल गाइड, बनवता येते. तिच्या भोकातूनच ड्रिल जातं. भरपूर हाड असलेल्या एकाच दाढेला ती हवीच असं नाही. पुढच्या दातांना, नसेच्या जवळ किंवा तीन-चार स्क्रू एकदम असतील तेव्हा तिचे पैसे वसूल होतात.

दात अजून काढायचाच असेल तर वेळेचं गणित वेगळं. दात काढल्यावर वर्षभरात त्या जागेची रुंदी जवळपास निम्मी होते, आणि त्यातला मोठा हिस्सा पहिल्या तीन महिन्यांतच जातो. म्हणून दात काढण्यापूर्वीच ‘पुढे इम्प्लांट करायचं आहे’ हे सांगा. मुळाभोवती पू नसेल आणि भिंत शाबूत असेल तर त्याच दिवशी स्क्रू बसू शकतो. नाहीतर सहा-आठ आठवड्यांनी हिरडी भरून आल्यावर. किंवा खड्ड्यात हाडाची भुकटी भरून चार-सहा महिन्यांनी.

ही भुकटी कशाची असते, हे विचारा. ती स्वतःच्या जबड्यातून काढलेल्या हाडाची, दान केलेल्या मानवी हाडाची, प्रक्रिया केलेल्या गाईच्या हाडाची किंवा पूर्णपणे कृत्रिम असू शकते. तिच्यावर घालायचा कोलॅजनचा पडदाही बहुधा डुकराच्या किंवा गाईच्या ऊतींपासून बनतो. वैद्यकीयदृष्ट्या ही सामग्री सुरक्षित आणि वर्षानुवर्षं वापरात आहे; पण आपल्या घरांत या गोष्टीला वजन आहे आणि पुष्कळ दवाखान्यांत ती न विचारता वापरली जाते. नको असेल तर ‘कृत्रिमच वापरा’ असं संमतिपत्रावर लिहून द्या. कृत्रिम भुकटी बहुतेक छोट्या कामांना पुरते.

वरच्या दाढेच्या जागी हाड ४-५ मिलिमीटरच उरलं असेल तर सायनसचा पडदा उचलून खाली हाड भरतात. त्याने सहा महिने वाढतात. त्यानंतर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, विमानप्रवास टाळायचा.

कोणाकडे, आणि कागदावर काय हवं

भारतात इम्प्लांटची वेगळी एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर, पदवी नाही. कृत्रिम दातांचे, हिरड्यांचे आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेचे एमडीएस तिघंही हे काम करतात, अनुभवी बीडीएससुद्धा करतात. पाटीवरच्या ‘इम्प्लांटॉलॉजिस्ट’पेक्षा पदवी आणि राज्याच्या डेंटल कौन्सिलमधला नोंदणी क्रमांक पाहा. आमच्या मते सोप्या दाढेसाठी चांगला अनुभवी बीडीएस पुरेसा. सायनस, नस किंवा पुढचे दात असतील तर एमडीएसकडेच जावं. एमवाय हॉस्पिटलच्या परिसरातलं शासकीय दंत महाविद्यालय हाही एक रस्ता आहे. तिथे फेऱ्या जास्त होतात, पण काम वरिष्ठांच्या देखरेखीखाली चालतं.

‘एका दाताचे इतके’ असा गोळा आकडा ऐकून परत येऊ नका, कारण दोन दवाखान्यांच्या आकड्यांची तुलना तेव्हाच होते जेव्हा दोन्हीत तीच कामं मोजलेली असतात. स्क्रू, अबटमेंट, कॅप (धातूवर सिरॅमिक की झिरकोनिया), सीबीसीटी, लागल्यास भुकटी आणि पडदा, तात्पुरता दात, आणि स्क्रू हाडाने धरलाच नाही तर दुसऱ्याचा खर्च कुणाचा, हे सगळं वेगवेगळं लिहून घ्या. बऱ्याचदा स्वस्त आकड्यात अबटमेंट आणि कॅप नसते.

कंपनीचा प्रश्न आता विचारा. स्ट्रॉमन, नोबेल बायोकेअर, ऑस्टेम, डेन्टियम अशी अनेक नावं ऐकायला मिळतील. निकष सोपा आहे: दहा वर्षांनी या कंपनीचा बारीक स्क्रू आणि तो फिरवायची चावी मिळेल का? स्क्रूच्या वेष्टनावर चिकटपट्टी असते. तिच्यावर कंपनी, मॉडेल, जाडी, लांबी आणि लॉट क्रमांक असतो. ती पट्टी लावलेलं इम्प्लांट कार्ड त्याच दिवशी मागून घ्या.

इंदूरच्या मराठी घरांत एक बेत नेहमी शिजतो. मुलगा पुण्याला, तिकडे महिनाभर राहायला गेलोच आहोत तर स्क्रू तिकडे बसवून घेऊ आणि कॅप इथे येऊन लावू. चालू शकतं, पण इथल्या डॉक्टरांकडे त्याच कंपनीचे सुटे भाग आणि चावी आहे का हे पुण्याला जाण्याआधी विचारायला हवं. प्रत्येक कंपनीचं आतलं खाचेचं माप वेगळं असतं. न जुळणारी चावी फिरवली तर खाच घसटते आणि चांगला बसलेला स्क्रू कुचकामी होतो.

शस्त्रक्रियेचा दिवस

गुंगीचं इंजेक्शन द्यायचं नसेल तर उपाशी जाऊ नका; नाश्ता करून, रोजची औषधं घेऊन जा. उपवासाचा दिवस तर निवडूच नका, कारण भूल उतरल्यावर हाताशी असतो तो साबुदाणा, आणि टाक्यांना त्याच्यासारखा चिकट शत्रू नाही. प्रतिजैविकाचा एक डोस बहुधा तासभर आधी घ्यायला सांगतात. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर चिठ्ठी लिहितानाच बोला.

दात काढताना देतात तीच भूल, त्या जागेपुरती. हिरडीत छेद देऊन हाड उघडं करतात. पहिलं ड्रिल २ मिलिमीटरचं, मग क्रमाने जाड. यात सगळ्यांत महत्त्वाचं काय असेल तर पाणी. हाड ४७ अंश सेल्सियसवर मिनिटभर तापलं तरी त्या थरातल्या पेशी मरतात आणि मग स्क्रूभोवती हाडाऐवजी मऊ ऊती तयार होतात. म्हणून ड्रिलवर सतत गार सलाइन सोडतात, दाबून न धरता टप्प्याटप्प्याने आत-बाहेर करतात आणि झिजलेलं ड्रिल फेकून देतात. तोंडात पाणी साचून गुदमरल्यासारखं वाटलं तर हात वर करा, पण पाणी बंद करायला सांगू नका.

स्क्रू आत जाताना यंत्रावर आवळण्याचा जोर दिसतो. ३० ते ४५ न्यूटन-सेंटिमीटर ही समाधानाची जागा. खूप कमी असेल तर स्क्रू हिरडीखाली पूर्ण झाकून ठेवतात. भरपूर असेल तर त्यावर हिरडीबाहेर दिसणारी हीलिंग कॅप लावतात, म्हणजे दुसरा छेद वाचतो. पुढच्या दातांत जोर ३५ च्या वर असेल तर तात्पुरता दात त्याच दिवशी लावता येतो, मात्र तो फक्त दिसण्यापुरता. समोरच्या दाताला तो टेकता कामा नये. एका स्क्रूला ड्रिलचं काम वीस मिनिटांचं, सगळं मिळून तासभर. निघण्यापूर्वी एक्स-रे काढून घ्या.

पहिले दहा दिवस

बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरा. थुंकू नका, चूळ भरू नका, स्ट्रॉने काही ओढू नका. या तिन्हींनी जखमेवरची गुठळी निघते. पहिल्या दिवशी गालावर बर्फ, वीस मिनिटं ठेवायचा, वीस मिनिटं काढायचा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते, मग उतरते. रात्री दोन उशा. त्याच रात्रीच्या बसने पुणे गाठायचा बेत करू नका.

दुसऱ्या दिवसापासून ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीन, १० मिलिलिटर, मिनिटभर, दिवसातून दोनदा. दात घासल्यावर लगेच नको. टूथपेस्टच्या फेसाने त्याचा परिणाम कमी होतो, म्हणून अर्धा तास जाऊ द्या. ते दोन आठवड्यांपेक्षा जास्त वापरलं की दात तपकिरी दिसतात, आणि चहा पिणाऱ्यांचे अंमळ लवकर.

खाण्यात पहिले दोन दिवस गार-कोमट: ताक, दही-भात, कोमट पेज, नाचणीचं आंबील, पातळ वरण. तिसऱ्या दिवसापासून मऊ खिचडी, सांजा, कुस्करलेली पोळी दुधात. पोहे मऊ आहेत म्हणून चालतील असं वाटतं आणि नेमकी तिथेच चूक होते: पोह्यांवरची सेव. सेवेचा चुरा टाक्यांत जाऊन बसतो आणि जिरावणाचं तिखट जखमेला झोंबतं. टाके निघेपर्यंत साधे, कोमट पोहे दुसऱ्या बाजूने. भुट्ट्याचा कीस बिनमिरचीचा असेल तर चौथ्या-पाचव्या दिवशी उत्तम. सराफ्यातली शिकंजी गार आणि दाट, म्हणून मोह होईल. त्यातले सुक्यामेव्याचे तुकडे बाजूला काढा, चमच्याने खा. गराडूला मात्र माफी नाही. तळलेली कुरकुरीत कड टाके उसवते. हिवाळ्यात शस्त्रक्रिया ठरवणाऱ्यांनी हा त्याग आधीच मनाशी बांधावा.

टाके सात ते दहा दिवसांनी निघतात. एवढे दिवस मोकळे आहेत ना, हे कॅलेंडरवर बघूनच तारीख घ्या. रंगपंचमीच्या गेरच्या आठवड्यात तोंडात टाके असले तर राजवाड्याकडे फिरकायचं नाही, एवढंच.

कधी फोन करायचा? भूल तीन-पाच तासांत उतरायला हवी. रात्रीपर्यंत किंवा दुसऱ्या सकाळीही खालचा ओठ-हनुवटी बधिर असेल तर ‘उतरेल हळूहळू’ म्हणत बसू नका. स्क्रू नसेवर टेकला असण्याची शक्यता असते आणि तो पहिल्या दिवसा-दीड दिवसात मागे घेतला किंवा काढला तर नस सावरण्याची आशा चांगली राहते. चौथ्या-पाचव्या दिवशी कमी होण्याऐवजी वाढणारी ठणक, ताप, पू, दाबूनही न थांबणारं रक्त यांनाही वाट पाहायची नसते.

न दिसणारे महिने

तीन आठवड्यांत दुखणं संपतं, हिरडी गुलाबी होते, आणि माणूस विसरतो. स्क्रूच्या दृष्टीने हीच सगळ्यांत नाजूक वेळ. बसवला त्या दिवशी तो जुन्या हाडाच्या घट्ट पकडीवर उभा असतो. मग शरीर ते दुखावलेलं हाड खाऊन टाकतं आणि नवं घालायला घेतं. जुनं गेलेलं आणि नवं पुरतं न आलेलं, असा काळ साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो, आणि पकड पहिल्या दिवसापेक्षाही सैल असते. याच सुमाराला ‘आता काही दुखत नाही’ म्हणून त्या बाजूने चकली फोडली जाते. स्क्रू मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा जरी वारंवार हलत राहिला, तरी त्याच्याभोवती हाडाऐवजी धागे तयार होतात आणि तो कधीच पक्का होत नाही.

स्क्रू हाडात पक्का व्हायला खालच्या जबड्याला दोन-तीन महिने लागतात, वरच्याला तीन ते सहा, कारण वरचं हाड विरळ असतं. भुकटी भरली असेल तर आणखी. या काळात जुनी कवळी किंवा काढता-घालता येणारा दात वापरत असाल तर तो स्क्रूच्या जागी आतून पोकळ करून घ्या. कवळीचा रोजचा दाब हे स्क्रू निकामी होण्याचं ठळक कारण आहे. हीलिंग कॅप सैल होऊन हातात आली तर घाबरू नका, डबीत ठेवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. दोन-तीन दिवसांत हिरडी त्या भोकावर सरकते आणि पुन्हा छेद द्यावा लागतो.

कॅप

माप घेण्यापूर्वी स्क्रू पक्का झाला की नाही हे तपासतात: ठोकल्यावर खणखणीत आवाज, जोर लावल्यावर वेदना नाही, एक्स-रेत भोवती काळी रेघ नाही. काही ठिकाणी कंपनांवर चालणारं यंत्र आकडा देतं. ७० किंवा वर असेल तर निश्चिंत. फिरवताना दुखलं किंवा स्क्रू जरासा वळला, तर कॅपची घाई नको.

कॅप दोन प्रकारे बसते. सिमेंटने चिकटवून, किंवा वरच्या भोकातून स्क्रूने आवळून ते भोक भरून टाकून. दाढेसाठी आम्ही स्क्रूवाल्या कॅपच्या बाजूने आहोत. चिकटवलेल्या कॅपचं जास्तीचं सिमेंट हिरडीखाली राहून जातं, दिसत नाही, आणि त्याभोवती वर्ष-दोन वर्षांत पू धरतो. स्क्रूवाली कॅप पुढे कधीही काढून साफ करून परत लावता येते. तोटा एवढाच की चावायच्या बाजूला भरलेल्या भोकाचा ठिपका दिसतो. दाढेत तो कोण बघणार. पुढच्या दातात भोक ओठाकडे येत असेल तर सिमेंटला पर्याय नसतो. तेव्हा लावल्यानंतर एक्स-रे काढायला लावा.

बारीक स्क्रू हाताच्या अंदाजाने नव्हे, जोर दाखवणाऱ्या पान्याने आवळायचा असतो. कंपनीप्रमाणे २५ ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर. दहा मिनिटं थांबून पुन्हा तेवढाच. पहिल्या आवळण्यानंतर धातूचे बारीक उंचवटे दबतात आणि पकड थोडी सैल होते, म्हणून दुसरा फेरा. तो चुकवला की महिन्या-दोन महिन्यांत कॅप हलायला लागते. चुकवला जातोही फार, कारण बाहेर पुढचा रुग्ण बसलेला असतो.

चावा तपासताना दातांवर खुणा उमटवणाऱ्या रंगीत कागदावर थांबू नये. नैसर्गिक दात दाबाखाली थोडा खाली दबतो, इम्प्लांट जवळजवळ दबतच नाही. म्हणून हलकं चावताना इम्प्लांटची कॅप समोरच्या दाताला टेकू नये आणि जोरात चावल्यावरच टेकावी, इतकी सूक्ष्म मोकळीक ठेवतात. अतिपातळ पन्नी दातांमध्ये धरून ती हलक्या चाव्यात सरकते आणि घट्ट चाव्यात अडकते का ते बघतात. रात्री दात खाण्याची सवय असेल तर झोपताना घालायचा गार्ड याच भेटीत मागा.

पुढची निगा आणि बिघाड

इम्प्लांट किडत नाही. याचा अर्थ लोक ‘काही होत नाही’ असा घेतात. दहा वर्षांनी शंभरातले पंच्याण्णवच्या आसपास जागेवर असतात. जे जातात त्यांतले उशिरा जाणारे बहुतांशी हिरडीच्या आजाराने जातात. सुरुवात नुसत्या रक्ताने होते. तेव्हा स्वच्छतेने मागे फिरता येतं. हाड उतरायला लागलं की गेलेलं हाड परत आणणं अवघड. आणि नैसर्गिक दातासारखा पडदा नसल्यामुळे दुखत नाही, हीच पंचाईत. म्हणून ब्रश करताना इम्प्लांटभोवती रक्त आलं तर ती बातमी समजा, नेहमीचं म्हणून सोडू नका.

साध्या ब्रशने कॅपचा मधला भाग साफ होतो, हिरडीलगतची मान नाही. त्यासाठी दातांमध्ये घालायचा बाटलीच्या ब्रशसारखा छोटा ब्रश, तारेवर प्लास्टिकचं आवरण असलेला, रोज रात्री एकदा. तो न जाणाऱ्या जागी जाड फ्लॉस. टूथपिक नको. तुटलेलं टोक हिरडीत राहतं. डॉक्टरांकडे सहा महिन्यांनी साफसफाई, आणि इम्प्लांटभोवती ती प्लास्टिक किंवा टायटॅनियमच्या अवजाराने व्हायला हवी. स्टीलच्या हत्याराने चरे पडतात आणि त्यांत जंतू बसतात.

कॅप लावली त्या दिवशीचा एक्स-रे जपून ठेवा, मग एक वर्षाने दुसरा काढा. पहिल्या वर्षात स्क्रूच्या मानेभोवती हाड मिलिमीटर-दीड मिलिमीटर उतरलं तर ते चालतं. त्यानंतर वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त उतरू नये. पहिला एक्स-रेच नसेल तर ही तुलना कशाशी करणार?

कॅप हलली तर तिच्यावर चावणं लगेच बंद करा. त्या सैल अवस्थेत आठवडाभर चावत राहिलं तर आतला बारीक स्क्रू तुटतो, आणि तुटलेला तुकडा काढणं हे आवळण्यापेक्षा कितीतरी कटकटीचं काम. एमआरआयला टायटॅनियमचं इम्प्लांट अडवत नाही. तपासणीआधी सांगायचं मात्र, आणि चुंबकाने धरलेली कवळी असेल तर काढून ठेवायची.

कार्ड आणि तो पहिला एक्स-रे यांचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा, एक प्रत मुलाला पुण्याला पाठवा. मूळ कार्ड घरच्या फायलीत, आधारच्या मागच्या खिशात.